रशियन क्रियापदांच्या जोड्या: पूर्ण कधी, अपूर्ण कधी? सल्ला हवा

कोवळं_ऊन
रशियनची ए२ पातळी चालू आहे. विभक्त्या जमतात, पण क्रियापदाच्या 'वीद'पाशी (रशियन क्रियापदाचा पूर्ण-अपूर्ण भेद) गाडी अडते. एकेका क्रियेला दोन क्रियापदं. चितात्य आणि प्रचितात्य, कोशात दोन्हींसमोर 'वाचणे'. वर्गातला नियम एवढाच: क्रिया संपली तर पूर्ण, चालू असली तर अपूर्ण. त्याप्रमाणे 'तू हे पुस्तक वाचलंस का?' याचं 'प्रचिताल एतु क्नीगु?' केलं, तर दुरुस्ती 'चिताल'. वाचून झालं असेल तर क्रिया संपलीच ना?
मराठीतून विचार करणाऱ्याने हे कसं समजून घ्यावं, जोड्या कशा लक्षात ठेवाव्यात आणि सराव कशावर करावा? शब्द देवनागरीत लिहिलेत तर बरं, सगळ्यांना किरिल लिपी येत नाही.

पानगळ
'प्रचिताल' चूक नाही, पण प्रश्न बदलतो. 'प्रचिताल?' म्हणजे 'वाचायला दिलं होतं ना, झालं का वाचून?' 'चिताल?' म्हणजे 'कधी वाचलंयस का?' तुम्हाला दुसरं विचारायचं होतं.
'संपली की चालू' हा नियम बाजूला ठेवा आणि स्वतःला असं विचारा: त्या क्रियेतून निघालेला निकाल मला सांगायचा आहे का? सांगायचा असेल तर पूर्ण. सवय, चाललेलं काम, निष्फळ प्रयत्न, किंवा 'असं कधी घडलं होतं का' एवढाच मुद्दा असेल तर अपूर्ण. 'आत्ता करतोय' हे कायम अपूर्णच, कारण पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. प्रचितायु हे रूप वर्तमानासारखं दिसतं, पण अर्थ 'वाचून काढेन'. म्हणून 'बूदु'नंतर (भविष्यकाळाचं 'मी असेन' हे साहाय्यक रूप) फक्त अपूर्ण येतं: बूदु चितात्य. 'बूदु प्रचितात्य' असं रूपच नाही.

हा भेद मराठी कानाला नवा नाही, पण तो '-ला, -ली, -लं'मध्ये शोधू नका. तो दुसरीकडे आहे:

तासभर वाचलं: चिताल चास. तासाभरात वाचून काढलं: प्रचिताल झा चास. 'भर' आणि 'भरात' यांतला फरक आपण लहानपणापासून पाळतो, रशियनमध्ये तो क्रियापदात बसतो. ('थोडा वेळ'वाला 'प-' उपसर्ग अपवाद आहे. पचिताल चास: तासभर जरा वाचलं. इथे पूर्ण असूनही 'तासभर' चालतं.)

परीक्षा दिली: झ्दवाल एग्झामेन. पास झालो: झ्दाल एग्झामेन. मराठी माणसाची सर्वांत महाग चूक इथे होते. 'परीक्षा दिली' हे पूर्ण वाटतं म्हणून 'झ्दाल' म्हटलं, की ऐकणारा अभिनंदन करतो.

कोवळं_ऊन
म्हणजे 'वाचून टाकलं', 'लिहून काढलं' अशी जोडक्रियापदं जिथे सुचतात तिथे पूर्ण, असं चालेल?

पानगळ
'टाकणे' आणि 'काढणे'पुरतं बऱ्यापैकी चालेल. एक पुरावाही आहे: 'वाचायला लागला' म्हणतो, 'वाचून टाकायला लागला' कानाला खटकतं. रशियनमध्येही तसंच. नचात्य (सुरू करणे), प्रदल्झात्य (चालू ठेवणे), पेरेस्तात्य (थांबवणे) यांच्यापुढे धातुरूप अपूर्णच लागतं. इथे अपवाद नाही, पाठ करून टाका.
पण 'येऊन गेला' इथे कसोटी उलटते. पाहुणा येऊन गेला: प्रिखदील, अपूर्ण. पाहुणा आलाय, आत बसलाय: प्रिशोल, पूर्ण. येण्याचा निकाल म्हणजे तो इथे असणं, आणि तो तर पुसला गेला. तसंच खिडकीचं. अत्क्रील म्हणजे उघडली आणि उघडीच आहे. अत्क्रिवाल म्हणजे कुणीतरी उघडली होती, आता बंद असेल. ही जोडी नीट समजली तर अर्धं काम झालं.

कोराकागद
जोड्यांबद्दल. क्रियापद एकटं लिहून ठेवू नका. वहीत चार रकाने करा: अपूर्ण, पूर्ण, पूर्णाची 'मी' आणि 'तू' रूपं, आणि दोन्ही रूपं येतील असं एक वाक्य ('रेशाल, रेशाल, नकनेत्स रेशील': सोडवत राहिला, शेवटी सोडवलं). तिसरा रकाना टाळला तर 'म्हणेन'साठी स्कझु आठवत नाही, स्कझात्यवरून भलतंच रूप तयार होतं. आठवड्याला दहा-बारा जोड्या पुरेत.

उपसर्ग अंदाजाने लावू नका. चितात्यला 'प्र', पिसात्यला (लिहिणे) 'न', पीत्यला (पिणे) 'वी', स्त्रोइत्यला (बांधणे) 'प'. यामागे सोपा नियम नाही. भलता उपसर्ग लावला तर नुसती चूक होत नाही, दुसरा शब्द होतो: पत्पिसात्य म्हणजे सही करणे, पेरेपिसात्य म्हणजे पुन्हा लिहिणे. हेही पूर्णच, आणि यांची अपूर्ण रूपं मध्ये 'इव' घालून होतात: पत्पीसिवत्य, पेरेपीसिवत्य. वाचताना उपसर्ग आणि 'इव' दोन्ही दिसले की बहुधा अपूर्ण.

तीन सापळे वेगळ्या पानावर लिहा. पकुपात्य (विकत घेणे) उपसर्गवालं दिसतं, पण ते अपूर्ण. पूर्ण आहे कुपीत्य. 'बोलणे-सांगणे'ची जोडी गवरीत्य आणि स्कझात्य, मूळच वेगळं. आणि 'कापणे' किरिल लिपीत लिहायला एकच, फरक आघातात (कुठल्या अक्षरावर जोर): रज्रेझत्य पूर्ण, रज्रिझात्य अपूर्ण. म्हणून प्रत्येक शब्दावर आघाताची खूण हवीच.

गतीची क्रियापदं (इद्ती म्हणजे जाणे, खदीत्य म्हणजे ये-जा करणे, वगैरे) यात मिसळू नका. तिथला 'एकदिश की फेरी' हा भेद निराळा आहे, दोन्ही अपूर्णच असतात. निदान दीडशे जोड्या पक्क्या झाल्यावर तिकडे वळा.

पानगळ
सरावासाठी रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस (खऱ्या मजकुरांचा शब्द शोधता येणारा संग्रह) वापरा. २००४ पासून जालावर आहे, मोफत आहे. एक जोडी घ्या, दोन्हींची भूतकाळी रूपं शोधा, प्रत्येकी वीस वाक्यं उतरवा. मग क्रियापद झाकून आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखा: काझ्दी द्येन्य (रोज), चास्त (वारंवार), दोल्ग (बराच वेळ) दिसले तर अपूर्ण, झा चास, नकनेत्स दिसले तर बहुतेक पूर्ण. ज्या वाक्यांत अशी खूणच नाही ती खरी शिकवणारी. तिथे निकाल सांगायचा आहे की नाही ते मराठीत लिहा, मग उत्तर पाहा. निव्वळ गाळलेल्या जागा भरून हे येत नाही, कारण त्यांत खुणेचा शब्द बहुधा मुद्दाम घातलेला असतो.

कोवळं_ऊन
आज्ञार्थाचं काय? 'करू नका'ला नेहमी अपूर्ण, असं वाचलं.

कोराकागद
जवळजवळ नेहमी. मनाई असेल तर अपूर्ण: ने अत्क्रिवाय्ते, उघडू नका. पण नकळत होणाऱ्या गोष्टीचा इशारा असेल तर पूर्ण: ने उपदी, 'पडशील हं!', ने झबूद्य, 'विसरशील हं!' मराठीत 'नको'ऐवजी '-शील हं' सुचलं, की पूर्ण घ्या.
'नेल्झ्या'लाही लक्ष द्या. नेल्झ्या फ्खदीत्य (अपूर्ण): आत जायला मनाई. नेल्झ्या वय्ती (पूर्ण): आत जाताच येत नाही, दार बंद आहे.
होकारार्थी एकदाच्या विनंतीला पूर्ण: स्कझीते, सांगा. पण दारात आलेल्या पाहुण्याला झखदीते, सदीतेस, दोन्ही अपूर्ण. हे आपलं 'या ना, बसा ना'. तिथे पूर्ण 'स्याद्ते' म्हटलं तर दवाखान्यात तपासायला बसवल्यासारखं ऐकू येतं.