टोमॅटोतला मासा आणि चीजमधलं वासरू

'बाजारातल्या जीएम (जनुकं बदललेल्या) टोमॅटोत माशाचं जनुक असतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी टोमॅटोही तपासून घ्यावेत' असं काही जण म्हणतात, पण ते बरोबर नाही. फ्लाउंडर माशाचं जनुक घालून थंडी सोसणारा टोमॅटो करायचा प्रयोग अमेरिकेत झाला होता, पण तो टोमॅटो विक्रीला कधी आलाच नाही. १९९४ साली विकायला आलेला 'फ्लेवर सेवर' हा जीएम टोमॅटो वेगळा. त्यात टोमॅटोचंच एक जनुक उलटं बसवलं होतं, मासा कुठेच नव्हता.

प्राण्याच्या जनुकाचा खरा प्रश्न चीजमध्ये आहे. चीज करताना दूध घट्ट करायला रेनेट नावाचं द्रव्य लागतं. पूर्वी ते दूधपित्या वासराला मारून त्याच्या जठरातून काढत. १९९० मध्ये अमेरिकेने त्यातलं कायमोसिन हे दूध गोठवणारं एन्झाइम सूक्ष्मजीवांकडून बनवून घ्यायला परवानगी दिली. वासराच्या जनुकाची नक्कल सूक्ष्मजीवात बसवायची आणि टाकीत आंबवून एन्झाइम शुद्ध करून घ्यायचं. आज तिथलं बहुतेक चीज असंच होतं, पण वेष्टनावर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असतं.

मी जन्मापासून शाकाहारी आहे आणि मला हे चीज चालतं, कारण त्यासाठी वासरू मारावं लागत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला मात्र मूळ जनुक वासराचं हेच पटत नाही, ती खात नाही. तिचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पण तिला निवडता यावं म्हणून वेष्टनावर एन्झाइम कशापासून आलं ते स्पष्ट लिहिलेलं हवंच.