बाटलीतली डेंड्रोबियम: पाणी वाढवू नका

डेंड्रोबियम या ऑर्किडची रोपं प्रयोगशाळेत बंद बाटलीत वाढवतात. "बाटलीतून काढलेली रोपं मलूल पडली की पाणी वाढवा आणि लवकर मोठ्या कुंडीत हलवा" हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला अजिबात पटला नाही. मुळांना पाणी कमी पडतं म्हणून ती माना टाकत नाहीत. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो, त्यांची रंध्रंही (पानांवरची बारीक छिद्रं) नीट मिटत नाहीत, म्हणून बाहेर आल्यावर पानांतून पाणी उडतच राहतं. अशात कुंडीत पाणी ओतलं की मुळं कुजली आणि खेळ खल्लास. ओलावा हवेत हवा. मुळांना चिकटलेली, बाटलीत रोपं जिच्यावर वाढतात ती अगारची जेली कोमट पाण्याने धुऊन काढा (तिच्यात साखर असते, बुरशीला आयतं आमंत्रण), रोपं बारीक कोळसा आणि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत लावा, वर पारदर्शक झाकण ठेवा आणि ते रोज थोडं थोडं जास्त उघडा. बाहेर फुटलेली नवी पानं आणि मुळंच पुढे रोप तगवतात.

मोठ्या कुंडीची घाई कशाला, तेही कळलं नाही. डेंड्रोबियमची वाढ कांड्यांवरून (उसासारख्या उभ्या खोडांवरून) ओळखावी: प्रत्येक नवी कांडी आधीपेक्षा उंच आणि जाड यायला हवी. आखूड आली तर आधी मुळं तपासा, खत नंतर. आणि पानं झडलेली हिरवी कांडी कृपया छाटू नका, नव्या फुटव्याचा शिधा तिच्यातच असतो. फुलाला दोन-तीन वर्षं सहज लागतात. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडला मात्र हा हिशेब लागू नाही, त्याला कांडीच नसते.