काश्मिरी पद्धतीचा दम आलू : दही फुटते आणि बटाटा आतून कोरा राहतो

प्रश्न : कोथरूडची_सुगरण

उपाहारगृहांत दम आलू म्हणून जे मिळते त्यात बहुधा कांदा, टोमॅटो आणि काजूचे वाटण असते. मला मात्र काश्मिरी पंडितांच्या घरी होतो तसा, कांदा, लसूण आणि टोमॅटो न घालता केलेला दम आलू करायचा आहे. बडीशेपेची पूड, सुंठ, हिंग, काश्मिरी मिरचीची पूड आणि मोहरीचे तेल आणून ठेवले आहे. अडचण अशी की दही घातल्यावर रस्सा फुटतो, आणि कच्चे बटाटे तळून त्यात सोडले तर ते बराच वेळ शिजवूनही आतून टणक आणि अळणी राहतात. शिवाय मोहरीच्या तेलाचा उग्र वास घरात कोणाला सोसत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मंदआच

बटाटा टणक राहण्याचे कारण दह्याच्या आंबटपणात आहे. बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहजी सुटत नाही, त्यामुळे अर्धाकच्चा बटाटा दह्यात गेला की त्याचे मऊ होणे जवळजवळ थांबते. (आमटीत चिंच डाळ शिजल्यावरच घालतात, तेही याच कारणाने.) म्हणून लिंबाएवढे, एकसारख्या आकाराचे अर्धा किलो बटाटे आधी सालासकट मिठाच्या पाण्यात उकडावेत, पण सुरी आत जाईल आणि बटाटा फुटणार नाही इतपतच. पूर्ण गार झाल्यावर सोलून दाभणाने किंवा टूथपिकने प्रत्येकाला चहूबाजूंनी खोलवर टोचावे, कारण रस्सा आत जाण्याची वाट तीच आहे.

यानंतरची तळणी हा या पदार्थाचा खरा कस आहे. मंद ते मध्यम आचेवर, साधारण 15 मिनिटे, गडद बदामी आणि जाडसर कवच येईपर्यंत तळावे. घाईने मोठ्या आचेवर तळले तर नुसता रंग येतो, कवच धरत नाही आणि बटाटा पुढे दमावर विरघळू लागतो. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे मात्र घेऊ नयेत, कारण थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि ते तळताना लवकर काळपट पडतात.

उत्तर : शेषाद्री_नाशिक

दह्याविषयी लिहितो. एक वाटी दही, फार आंबट नसलेले आणि फ्रिजमधून आधीच बाहेर काढलेले, गुठळी न राहता घुसळावे. कढईतले तेल थोडे निवल्यावर हिंग, दोन लवंगा आणि एक मसाला वेलची घालावी, मग दोन चमचे मिरचीपूड पाण्यात कालवून ओतावी, म्हणजे ती जळत नाही आणि तेलाला लाल रंग येतो. आता आच अगदी बारीक करून दही घालावे आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नये. तरीही धास्ती वाटत असेल तर आपण कढीला लावतो तसे चमचाभर बेसन दह्यात मिसळावे; काश्मिरी स्वयंपाकी नाक मुरडेल, पण रस्सा फुटणार नाही. त्यानंतर दोन चमचे बडीशेपेची पूड, एक चमचा सुंठ, मीठ आणि दोन वाट्या पाणी घालून बटाटे सोडावेत, जड झाकण ठेवावे आणि वर तर्री दिसेपर्यंत, म्हणजे अंदाजे अर्धा तास, मंद आचेवर ठेवावे.

उत्तर : दिल्लीकर_मराठी

वरील कृतीला माझा आक्षेप नाही, परंतु दही अनिवार्य नाही, हे नोंदवावेसे वाटते. आमच्या शेजारच्या पंडित कुटुंबात मिरचीचे पाणी, बडीशेप आणि सुंठ एवढ्यावरच हा पदार्थ होतो, आणि त्याची चव मला अधिक स्वच्छ वाटते. मोहरीचे तेल मात्र बदलू नये. ते धूर येईपर्यंत तापवून, आच बंद करून निवू द्यावे. उग्रपणा बराच जातो. काश्मीरमध्ये हा रस्सा भाताबरोबर खातात, म्हणून तो फार आटवू नये.

कोथरूडची_सुगरण

सर्वांचे मनापासून आभार. तळण्याऐवजी एअर फ्रायर वापरला तर चालेल का?

मंदआच

कवच येईल, पण ते कोरडे आणि पातळ असेल. तेल कमीच हवे असेल तर कढईत थोड्या तेलावर बटाटे सतत फिरवत परतावेत. वेळ जास्त लागतो, मात्र रश्श्यात ते त्याहून चांगले टिकतात.