मे महिन्यातला स्लॅब: काँक्रीट वाळतं म्हणजे नेमकं काय होतं?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. जळगावजवळ ९०० चौरस फुटांचा, ५ इंची स्लॅब टाकायचा आहे. काँक्रीट एम २० (ताकदीची प्रत), पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, २० एमएम काळी खडी, क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू). मिस्त्री म्हणतो, ऊन फार आहे, मालात पाणी सढळ ठेवू. दोन दिवसांत वाळून कडक होईल. पटत नाही.

ओळंबा:
पटू नयेच. काँक्रीट वाळून कडक होतच नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं आणि त्यातून तयार होणारा चिकट पदार्थ खडी-वाळू आवळून धरतो. म्हणून तर पाण्याखाली ओतलेला पुलाचा पायाही दगड होतो. गंमतच आहे ही!
या क्रियेला ५० किलोच्या गोणीमागे साधारण १९ लिटर पाणी पुरतं. त्यावरचं पाणी फक्त माल हलता राहावा म्हणून. ते उडालं की बारीक पोकळ्या उरतात, ताकद घटते, स्लॅब पाझरतो. गोणीला २५ ते २७ लिटर, बस्स. वाळू ओली असेल तर त्यातूनही वजा करा: ८० किलो वाळूत ५ टक्के ओल म्हणजे ४ लिटर आधीच आलं. माल जड वाटला तर प्लास्टिसायझर घाला, म्हणजे पाणी न वाढवता माल हलता करणारं रसायन.
बीम सोडून माल १०.६ घनमीटर, गोण्या ८५ धरा.

थापी:
आपल्याकडे उन्हापेक्षा वारा जास्त घात करतो भो. मालातून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडणारं पाणी जास्त झालं की पहिल्या काही तासांतच तिरक्या भेगा पडतात. भेगा सळयांच्या रेषेत असतील तर कारण वेगळं, माल खाली बसला.
संध्याकाळी सुरू करा. खडी आदल्या रात्री भिजवा, सेंट्रिंगच्या (साच्याच्या) पत्र्यांवर पाणी शिंपडा पण साचू देऊ नका. काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी नकोच. ओतताना माल ४० अंशांच्या आत हवा. फिनिशिंग झालं की लगेच प्लास्टिक अंथरा. भेग दिसलीच तर माल ओला असतानाच लाकडी रंध्याने ठोकून मिटवा. वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं तर पापुद्रा सुटतो.

गिरणाकाठ:
आणि स्लॅबवर बांध घालून केलेल्या वाफ्यांत पाणी किती दिवस ठेवायचं?

ओळंबा:
पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असते, दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांतून निघते तीच. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी ती सावकाश जुळते, तोवर ओल लागते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीला (राख नसलेल्या साध्या सिमेंटला) किमान ७ दिवस, पीपीसीला किंवा कोरड्या उष्ण हवेत १०. तुम्ही १४ धरा, टेकूही तोवर हलवू नका.
दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिक काढून वाफे करा. २ इंच पाण्याला ४,२०० लिटर लागतील. रोज १ सेंटीमीटर उडालं तर आणखी ८३६ लिटर. टँकरवाल्याला आधीच सांगून ठेवा, मे महिन्यात ऐनवेळी मिळत नाही.