गुडघ्यातलं इंजेक्शन: स्टिरॉइड, जेल की पीआरपी?

(झिजून दुखणाऱ्या गुडघ्यात काय टोचावं यावर गोव्यातल्या पाच जणांची ही चर्चा. बोलणाऱ्याचं क्षेत्र आणि गाव आधी दिलं आहे.)

अस्थिरोग, फोंडा
चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की ओपीडीत एक मागणी हमखास वाढते: "आरतीला उभं राहायचंय, गुडघ्यात काहीतरी टोचा." अशा वेळी महागडं जेल (सांध्यातल्या वंगणासारखं हायलुरोनिक ॲसिड) किंवा पीआरपी (पेशंटच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट एकवटलेला द्रव) गळ्यात मारलं जातं, त्याला माझा विरोध आहे. गुडघा सुजलेला असेल, पाणी भरलेलं असेल तर आधी पाणी काढावं आणि त्याच सुईतून ट्रायअमसिनोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम द्यावं. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत उतार पडतो आणि तो साधारण ४ ते ६ आठवडे टिकतो. त्याहून जास्त आश्वासन देऊ नये.

जेलबद्दल २०२२ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात १६९ चाचण्यांचा आढावा आला. मोठ्या चाचण्यांत १०० मिमीच्या वेदनापट्टीवर जेल आणि नकली इंजेक्शन यांच्यात सरासरी फरक होता २ मिमीचा. एवढा फरक पेशंटला जाणवतसुद्धा नाही. पीआरपीचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातली २०२१ ची 'रिस्टोर' चाचणी बघा. २८८ पेशंट, आठवड्याला एक अशी ३ इंजेक्शनं. वर्षभरानंतर ० ते १० च्या पट्टीवर वेदना पीआरपीने २.१ ने उतरली, नकली इंजेक्शन म्हणून दिलेल्या सलाईनने १.८ ने. कूर्चाही वाचली नाही.

क्रीडावैद्यक, पर्वरी
'रिस्टोर'चा दाखला देताना डोसचा हिशेबही द्यायला हवा. त्यात मायक्रोलीटरमागे सरासरी सव्वातीन लाख प्लेटलेट होत्या आणि ५ मिली टोचलं जात होतं. म्हणजे एका वेळी १६० कोटींच्या आसपास. त्याच वर्षी भारतातल्या १५० पेशंटांच्या चाचणीत ८ मिलीत १००० कोटी दिल्या, आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. एका वेळी औषध सहापट कमी दिलं तर ते लागू पडलं नाही असं कसं म्हणणार?

आता नेहमीचा प्रकार पाहा. पेशंटचं ३० मिली रक्त घेतात. प्लेटलेटचा काउंट मायक्रोलीटरमागे २ लाख असेल तर त्या रक्तात प्लेटलेटच मुळी ६०० कोटी. एकही वाया गेली नाही तरी १००० कोटींचा आकडा गाठता येत नाही. निदान ६० मिली रक्त हवं, ते यंत्रात दोनदा फिरवायला हवं: आधी हलक्या वेगाने लाल पेशी वेगळ्या करायच्या, मग जोरात फिरवून प्लेटलेट तळाशी बसवायच्या. तयार पीआरपीतला थेंबभर पेशी मोजणाऱ्या यंत्रावर लावून आकडा कागदावर लिहावा. आठवडाभर आधीपासून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बंद. (हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय थांबवू नये.) यातलं काहीच होत नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले जातात, हे मला मान्य आहे. पण तो दोष करणाऱ्याचा.

आणि स्टिरॉइडचं काय? २०१७ ची 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातली चाचणी: दर १२ आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम, दोन वर्षं. वेदनेत सलाईनपेक्षा फरक नाही, उलट कूर्चा जास्त झिजली: ०.२१ मिमी, सलाईनमध्ये ०.१० मिमी.

अस्थिरोग, फोंडा
त्या चाचणीत दोन वर्षांत आठेक इंजेक्शनं दिली. सूज चढल्यावर एकदा देणं वेगळं आणि तिमाही रतीब वेगळा. रतीब मीही घालत नाही. तुमच्या १००० कोटींच्या चाचणीत तुलना हायलुरोनिक ॲसिडशी, म्हणजे जेलशीच होती, सलाईनशी नव्हे. तेवढ्यावर पेशंटकडून हजारो रुपये घ्यायला माझं मन धजत नाही. तोच डोस सलाईनसमोर मोठ्या चाचणीत उतरू दे, मी मत बदलीन.

मधुमेह, म्हापसा
दोघेही साखर विसरलात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. स्टिरॉइड टोचल्यावर काही तासांतच साखर चढू लागते, दोन ते पाच दिवस चढी राहते, इन्सुलिनवाल्यांची कधीकधी ३०० च्या वर जाते. म्हणून सुई उचलण्याआधी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) विचारा आणि पुढचे पाच दिवस घरी दिवसातून दोनदा साखर तपासायला लावा. नेमका त्याच दिवसांत नेवरी-मोदकांचा फराळ! चवथीच्या आदल्या दिवशी मधुमेह्याला स्टिरॉइड देणं मला पटत नाही. द्यायचंच तर दोन आठवडे आधी द्या.

फिजिओ, डिचोली
२०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये १५६ पेशंटांत फिजिओथेरपी आणि स्टिरॉइड इंजेक्शन यांची थेट तुलना झाली. वर्षअखेरीस दुखणं आणि हालचाल मोजणारा गुणांक (कमी तितका चांगला) फिजिओत ३७, इंजेक्शनमध्ये ५५.८. डॉक्टर, इंजेक्शन द्या, पण तिसऱ्या दिवशी पेशंट आमच्याकडे पाठवा. दुखणं कमी असलेले ते चार-सहा आठवडे म्हणजे मांडीचा स्नायू भरून काढायची संधी. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठबस, असे तीन फेरे, एक दिवसाआड. कुशीवर झोपून पाय वर उचलणं हेही हवं, कारण कमरेचा बाजूचा स्नायू ढिला असला की चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त भार येऊ शकतो. "इंजेक्शन घेतलंय, आता आराम" असं सांगून घरी पाठवलेला पेशंट दोन महिन्यांत होता तिथेच येतो.

सामान्य वैद्यक, मडगाव
जेल सरसकट बाद करू नका. मूत्रपिंड कमजोर म्हणून वेदनाशामक बंद, साखर आवरत नाही म्हणून स्टिरॉइड नको, शस्त्रक्रियेला तयारी नाही, अशा माणसाला काय द्यायचं? सरासरी लाभ थोडा हे स्पष्ट सांगून ६ मिलीचं एक इंजेक्शन देऊन पाहायला माझी हरकत नाही.

अस्थिरोग, फोंडा
हरकत आहे. 'बीएमजे'तल्या त्याच आढाव्यात जेलच्या गटात गंभीर त्रासही जास्त दिसले. शिवाय काहींचा गुडघा एक-दोन दिवसांत असा फुगतो की जंतुसंसर्गच वाटावा, आणि पाणी काढून तपासल्याशिवाय फरक कळत नाही. अशा माणसाला मी आधी डिचोलीला, फिजिओकडे पाठवीन.

कुठलंही औषध असो, सुई सांध्यात पोचली पाहिजे. पाय सरळ, स्नायू सैल, वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्याखालून शिरावं. दाबताना अडथळा लागला तर टोक चरबीत किंवा स्नायूत आहे, जोर न लावता जागा बदलावी. पहिल्या दोन दिवसांत थोडं ठणकणं चालतं. त्यानंतर दुखणं वाढत गेलं, ताप आला, गुडघा वाकेनासा झाला तर त्याच दिवशी परत यायला सांगावं. आणि सांधा बदलायचं ठरलेलं असेल तर आधीचे तीन महिने त्या गुडघ्यात स्टिरॉइड नको, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

क्रीडावैद्यक, पर्वरी
तीन महिन्यांचं बरोबर, तो नियम मी पीआरपीलाही लावतो. झिजेच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या ग्रेडच्या, हाडाला हाड घासणाऱ्या गुडघ्यात मी पीआरपी देतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.