माहुरझरीचा घोडा: मायेनं पुरला की कापला?

पऱ्हाटीवाला: नागपूरजवळ काटोल रोडनं जुनापाणीची दगडाची वर्तुळं, म्हंजे लोखंडाच्या काळातल्या लोकायच्या कबरी, पाहून आलो अन् तवापासून डोक्यात घोडाच आहे. तिथून जवळच माहुरझरीला १९७० च्या दशकात पुरातत्त्ववाले शां. भा. देव यांच्या टीमनं तसल्याच कबरी खोदल्या तर माणसांसोबत घोडे निघाले, डोक्याचे तांब्याचे दागिने, लोखंडी लगाम, सगळं. माझं मत, ही माया आहे. आमचा बैल मेला तवा आज्यानं वावरातच खड्डा केला, मीठ टाकलं, कपाळाले कुंकू लावलं अन् दोन दिवस धड जेवला नाही. अडीच-तीन हजार वर्षांआधी माणूस काय वेगळा होता?

हिंगण्याची_पोर: दादा, तुमचा बैल आपल्या मौतीनं मेला. तो घोडा नेमका मालकाच्याच टायमाले कसा मेला? मारला त्याले. अन् तिथल्या घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, त्याचं काय करता?

संत्रेवाला: तेच म्हणतो. तेरवीचं जेवण झालं असन, बस.

हिंगण्याची_पोर: अहो खाल्लाच असं कुठं म्हटलं मी! कापणं वेगळं, खाणं वेगळं. खायचं असलं की हाडं फोडून मगज काढतात, कुठं जळल्याचा डाग दिसते. मेलेल्याजवळ नुसता वाटा ठेवायचा असला तर मुंडकं नाहीतर तंगडी बस होते. सांधे जुळलेले आहेत का, खुणा नेमक्या कोणत्या हाडावर, जनावर किती वयाचं, हे पाह्यल्याबिगर तेरवीची पंगत बसवू नका.

पऱ्हाटीवाला: बरं, जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला सुमारे १४,००० वर्षांआधीचं कुत्र्याचं पिल्लू माणसांसोबत निघालं. त्याच्या दातांवरून अभ्यासक म्हणतात का ते लई आजारी होतं अन् कोणीतरी आठवडेच्या आठवडे जगवलं. ते काही कामाचं नव्हतं, तरी जगवलं. आता सांगा.

हिंगण्याची_पोर: ते पिल्लू मान्य. पण त्याच्यावरून माहुरझरीचा घोडा कसा ठरवता?

पऱ्हाटीवाला: दागिन्यांवरून. मटणाच्या बकऱ्याले कोणी दागिने घालते का बे?

संत्रेवाला: नवसाच्या बकऱ्याले हार, हळद-कुंकू होतेच ना भाऊ, अन् मग मान कापतात.

पऱ्हाटीवाला: हे मानलं. पण मग लगाम कायले?

हिंगण्याची_पोर: लोखंडी कुऱ्हाडी बी ठेवल्याच ना तिथं मेलेल्यासोबत. तसाच तो लगाम, अन् तसाच तो घोडा.