नवऱ्याच्या स्पॉन्सरला मी फोन करावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आयडी नवा काढलाय, कारण नेहमीच्या आयडीने हे लिहिणं शक्य नाही. समजून घ्या.

नवरा पावसाळ्याआधी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. तेव्हापासून प्यायलेला नाही. संध्याकाळी एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मिटिंगला जातो. तिथे त्याने एक स्पॉन्सर धरलाय, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य. एसटीतून निवृत्त झालेले काका, बरीच वर्षं सोबर, म्हणजे दारूपासून लांब. रात्री जेवणं झाली की हा फोन घेऊन गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. काकांनी दोनशेपानी वहीही लिहायला लावलीय, एएच्या बारा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची म्हणे. ती कपाटात, कुलपात. मला इतक्या वर्षांत धड काही सांगितलं नाही आणि परक्या माणसाला सगळं! सासूबाई म्हणतात, "पितोय का? नाही ना? मग गप बस."

पण काका एक पैसा घेत नाहीत, वेळीअवेळी फोन उचलतात. का? पुढे काही मागणार का? (फुकट काही मिळतं यावर माझा विश्वास उरलेला नाही.) नवऱ्याला उशीर झाला की जीव टांगणीला लागतो, तेव्हा काकांना गुपचूप फोन केला तर चालेल? आणि मुख्य म्हणजे, मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्यात. काका म्हणाले, "गोळी घेऊन कसली सोबरायटी?" झालं, यानेही आता गोळी चुकवायला सुरुवात केलीय. काय करू?

प्रतिसाद: फक्त_आज

ताई, मी एएत आहे, काहीजणांचा स्पॉन्सरही आहे. गोळ्यांचं आधी, ते घाईचं आहे. गोळ्या सोडायला सांगणं हे स्पॉन्सरचं काम नाही. एएच्या स्वतःच्या पुस्तिकेतच लिहिलंय की सदस्याने डॉक्टरकी करू नये. अशी गोळी एकदम तोडली की त्रास होतो, आणि नैराश्य उलटलं तर पाय गुत्त्याकडे वळायला वेळ लागत नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करा. काका वाईट नसतील, जुन्या लोकांत हा समज आहे.

फुकट का? १९३५ साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस धंद्यात आपटी खाऊन अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी हॉटेलात अडकला होता. दारू सोडून थोडेच महिने झालेले, आणि समोर बार. त्याने चर्चवाल्यांना फोन फिरवले: मला इथला एखादा दारुडा भेटवून द्या, त्याच्याशी बोललो तर मी पिणार नाही. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि एए उभी राहिली. म्हणजे गरज सोबर माणसालाच होती! काकांचंही तेच. पैशांची देवघेव मात्र दोन्हीकडून नको. मागितले तर सरळ स्पॉन्सर बदलावा. कुणाची परवानगी लागत नाही.

वहीचं म्हणाल तर चौथ्या पायरीत राग, भीती, कुणाला दुखावलं, सगळा हिशोब येतो आणि पाचवीत तो एका माणसाला सांगायचा. तो माणूस सहसा बायको नसते, कारण त्या हिशोबात तीच घेणेकरी म्हणून पानोपानी असते. तुमचं येणं आठवी-नववीत निघेल, तिथे दुखावलेल्यांची भरपाई करायची असते.

प्रतिसाद: कोपऱ्यातली_खुर्ची

काकांना गुपचूप फोन नको गं. नवऱ्याला कळलं की तो त्यांच्याशीही खोटं बोलायला लागेल, मग उरलं काय? आमचे हे दारातून आले की मी आधी तोंडाचा वास घ्यायचे, मग चहा टाकायचे. ती सवय अल-अ‍ॅनॉनमध्ये सुटली. हा घरच्यांचा गट, बिलच्या बायकोने, लोइसने १९५१ मध्ये सुरू केलेला. तिथे तुलाही स्वतःसाठी स्पॉन्सर धरता येईल, बाईच बघ. पुण्याच्या बाजूला असशील तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा 'सहचरी' गट आहे. आणि तो पिऊन आला, हात उगारला, तर स्पॉन्सर नाही, पोलीस. ११२.

धागाकर्ती

दोघांचे आभार. डॉक्टरांची वेळ मिळाली, हाही यायला तयार झालाय. पण काकांना गोळ्यांचं कोणी सांगायचं? मी बोलले तर चोंबडी ठरेन.

प्रतिसाद: फक्त_आज

त्यानेच. डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगू दे. काका तरीही अडून बसले तर मिटिंगमध्ये दुसरा स्पॉन्सर बघायला सांगा.